एका ग्रॅमात पावणेदोन एकर: हायड्रोजन धरून ठेवणारे सच्छिद्र पदार्थ

रसायन_जालना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मॉफ (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क) या सच्छिद्र पदार्थांसाठी जाहीर झालं, तेव्हापासून आमच्या कॉलेजातली पोरं एकच विचारायलीत: "सर, टाकीत मॉफची पावडर भरायची, पावडरीत हायड्रोजन भरायचा, की झाली गाडी सुरू?" मोबाइलवर तसे व्हिडिओ फिरतात. याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आधी अडचण समजून घेऊ. वजनाच्या हिशेबात हायड्रोजनसारखं इंधन नाही. एका किलोत १२० मेगाज्यूल ऊर्जा, म्हणजे पेट्रोलच्या पावणेतीन पट. पण तोच एक किलो हायड्रोजन साध्या दाबाला आणि तापमानाला जवळपास १२ हजार लिटर जागा खातो. घरचा एलपीजी थोड्याशा दाबानं द्रव होतो. हायड्रोजन उणे २४० अंशांच्या वर असेल तर कितीही दाबा, द्रव होत नाही. म्हणून आज दोनच वाटा वापरात आहेत. एक, ७०० बारला, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट, दाबायचा. टोयोटाच्या मिराई गाडीत हेच करतात, ५.६ किलो हायड्रोजन कार्बन फायबरच्या जाड टाक्यांत. तिथं एका लिटरात सुमारे ४० ग्रॅम बसतो. दुसरी वाट, उणे २५३ अंशांवर नेऊन द्रव करायचा. मग लिटरला ७१ ग्रॅम मिळतात, पण हायड्रोजनमधल्या ऊर्जेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज थंड करण्यातच जाते.

तिसरी वाट सच्छिद्र पदार्थांची. मॉफ म्हणजे धातूच्या अणूंचे सांधे आणि सेंद्रिय रेणूंच्या काड्या जोडून उभा केलेला स्फटिक. आत जवळजवळ सगळी पोकळीच. याघींच्या गटाचा १९९९ चा मॉफ-५ जस्ताचा आहे, आणि त्यातली काडी म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्ल, ज्यापासून पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या बनतात तेच. त्याच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर तीस गुंठ्यांच्या वर जागा भरते. पुढं एनयू-११० नावाच्या मॉफनं ग्रॅमला ७,००० चौरस मीटर गाठले. आपल्या भाषेत पावणेदोन एकर, एका ग्रॅममध्ये! मी हा आकडा वर्गात फळ्यावर गुंठ्यांत मांडतो तेव्हा मागच्या बाकावरची शेतकऱ्यांची पोरंसुद्धा मान वर करतात.

पण नुसती जागा असून भागत नाही. हायड्रोजनचा रेणू इवलासा, त्यात दोनच इलेक्ट्रॉन. भिंतीला चिकटायला त्याच्याकडं फारसं काही नाही. साध्या कार्बनात किंवा मॉफमध्ये ही पकड मोलमागं (म्हणजे दोन ग्रॅम हायड्रोजनमागं) ४ ते १० किलोज्यूल एवढीच भरते, आणि आपल्या नेहमीच्या तापमानाला रेणूंची धडपड तिला पुरून उरते. म्हणून हे पदार्थ खरे कामाला येतात ते ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंशांना, द्रव नायट्रोजनच्या थंडीत.

दुसऱ्या टोकाला धातूंची हायड्राइडं. मॅग्नेशियम वजनाच्या ७.६ टक्के हायड्रोजन घेतं, पण तिथं रासायनिक बंधच बनतो. तो तोडून वायू परत काढायला ३०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. एकाची पकड ढिली, दुसऱ्याची फार घट्ट. नेहमीच्या तापमानाला भरता यावं आणि हवं तेव्हा सोडताही यावं, यासाठी मोलमागं १५ ते २५ किलोज्यूलची पकड लागते. सगळं जग तिच्या मागं आहे. माझ्या मते खरी लढाई इथं आहे, चौरस मीटरच्या विक्रमांत नाही.

म्हणून पोरांना मी सांगतो, कुठंही "इतके टक्के हायड्रोजन साठवला" असं वाचलं की लगेच विचारायचं: कोणत्या तापमानाला? किती दाबाला? टक्के पावडरीच्या वजनाचे की टाकीसकट? आणि आत गेलेला सगळा बाहेर आला का? कारण दाब ५ बारपर्यंत उतरल्यावर भिंतींना जे चिकटून राहतं ते इंजिनाच्या काहीच उपयोगाचं नाही.

या प्रश्नांना चांगलं उत्तर देणारं उदाहरण म्हणजे २०२० चा एनयू-१५०१ हा मॉफ. ७७ केल्विन आणि १०० बारला भरला, मग १६० केल्विन आणि ५ बारपर्यंत आणला, तर वजनाच्या १४ टक्के आणि लिटरला ४६ ग्रॅम हायड्रोजन हातात येतो. दाब ७०० बारचा सातवा हिस्सा. आकडा खणखणीत आहे, पण भरताना उणे १९६ लागतं, आणि लिटरचा हिशेब अखंड स्फटिक धरून केलेला आहे. पावडर टाकीत ओतली की दाण्यांमध्ये फटी राहतात आणि तो आकडा खाली येतो.

इथं कारखान्यात, प्रयोगशाळेत, शेतात काम करणारे बरेच जण आहेत. तुमच्याकडून ऐकायचंय.

---

वाळूज_शिफ्ट

सर, मी वाळूज एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटला आहे. आमच्याकडं हायड्रोजनचे लाल सिलिंडर येतात. १५० बारला भरलेला ४७ लिटरचा सिलिंडर, वजन साठ किलोच्या घरात, ढकलत न्यायचा म्हणजे दोन माणसं लागतात. आत हायड्रोजन किती? जेमतेम अर्धा किलो! म्हणजे आम्ही लोखंडच वाहून नेतो, गॅस फक्त सोबत येतो. शंभरातला एक टक्कासुद्धा नाही.

नवीन पोराला पहिल्यांदा नट दाखवतो. ज्वलनशील वायूच्या सिलिंडरला आटे उलटे असतात, डावीकडं फिरवून आवळायचे, नायट्रोजनचा रेग्युलेटर चुकून बसू नये म्हणून. मग साबणाच्या पाण्यानं प्रत्येक जोड तपासायचा. हायड्रोजनची ज्योत दिवसा उजेडात दिसत नाही. म्हणून कमी दाब म्हटलं की माझे कान टवकारतात.

१०० बारला, थंड न करता, पावडर घालून काही फरक पडतो का?

---

रसायन_जालना

@वाळूज_शिफ्ट, पडतो, पण थोडा. रिकाम्या टाकीत २५ अंशांना १०० बारवरून ५ बारपर्यंत आलं तर लिटरमागं सव्वासात-साडेसात ग्रॅम हायड्रोजन मिळतो. तेवढ्याच फरकात निकेलचा एक मॉफ ११ ग्रॅम देतो. त्याच्या जाळीत निकेलच्या अणूंची एक बाजू उघडी राहते आणि हायड्रोजन तिथं जरा घट्ट बसतो. सामान्य तापमानाला मिळालेल्या उत्तम आकड्यांपैकी हा एक.

आता पाच किलोचा हिशेब करा. साडेचारशे लिटरची टाकी आणि अर्ध्या टनाच्या वर निकेलच्या मॉफची पावडर. चारचाकीत हे बसायचं नाही. एका जागी उभ्या राहणाऱ्या टाकीला मात्र वजनाची फिकीर नसते. तिथं १०० बारच्या आत काम भागलं तर कॉम्प्रेसर लहान लागतो, टाकी साध्या पोलादाची चालते आणि तुमच्या शिफ्टमधल्या माणसाला धोका कमी. सच्छिद्र पदार्थ आधी तिथं शिरतील असं मला वाटतं.

---

गोठा_उदगीर

मी लातूर जिल्ह्यात कृत्रिम रेतनाचं काम करतो. उणे १९६ म्हटल्यावर थांबलो, कारण ते रोज माझ्या मोटारसायकलवर असतं. छोट्या क्रायोकॅनमध्ये द्रव नायट्रोजन आणि त्यात रेतमात्रांच्या कांड्या. रोज सकाळी मोजपट्टी आत सोडतो, बाहेर काढून हवेत हलवतो, जिथवर पांढरं दव गोठतं तिथवर नायट्रोजन. झाकण उघडलं की धूर सांडतो. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की मोठ्या कॅनमधून छोट्यात ओतताना डोळ्यांदेखत किती उडून जातो ते मला विचारा. आणि नायट्रोजनची गाडी वेळेवर आली नाही तर कांड्या वाचवण्यासाठी गावोगाव फोन करावे लागतात.

माझा कॅन तर काही लिटरचा. गाडीची अख्खी टाकी त्या थंडीला ठेवायची म्हणजे कोण ठेवणार, कसं ठेवणार?

---

मृणाल_परभणी

दादा, तुमचा मुद्दा अगदी नेमका आहे. शिवाय आणखी एक गोष्ट आहे जी व्हिडिओत कुणी सांगत नाही. हायड्रोजन भिंतीला चिकटताना उष्णता बाहेर टाकतो. पाच किलो म्हणजे २,५०० मोल. मोलमागं ५ किलोज्यूल धरले तरी साडेबारा मेगाज्यूल उष्णता टाकीच्या पोटात तयार होते. ती फक्त नायट्रोजन उकळून बाहेर काढायची तर साठ किलोच्या वर नायट्रोजन लागेल. येणारा वायू थंड करायचा खर्च वेगळा. आणि हे सगळं पाच मिनिटांत, कारण पंपावर लोक त्याहून जास्त थांबत नाहीत. पावडर तर उष्णता पसरू देत नाही, आत गरम गाभा राहतो. म्हणून कुणी पावडरीत ग्रॅफाइट मिसळून गोळ्या दाबतं, कुणी आत नळ्या घालतं. गोळी जितकी घट्ट दाबावी तितकी लिटरला क्षमता वाढते, पण फार दाबली तर पोकळ्या मोडतात.

आणि पकड घट्ट करायला गेलं की ही उष्णता त्याच पटीत वाढते. २० किलोज्यूलची पकड मिळाली तर पन्नास मेगाज्यूल काढायचे.

मी सच्छिद्र कार्बनवर पीएचडी करते. मापन किती नाजूक असतं तेही सांगते. नमुना फुग्याच्या काचनळीत घालून रात्रभर निर्वातात तापवायचा, म्हणजे छिद्रांत अडकलेलं पाणी आणि द्रावक निघून जातं. मग नळी द्रव नायट्रोजनच्या थर्मासमध्ये बुडवून थोडा थोडा वायू सोडायचा, आणि दाब किती पडला त्यावरून किती शोषला ते काढायचं. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या समीकरणानं त्यातून क्षेत्रफळ निघतं. नमुना असतो काही मिलिग्रॅम. एक बारीक गळती राहिली की पडलेला दाब "शोषलेला हायड्रोजन" म्हणून मोजला जातो.

१९९८ मध्ये कार्बनच्या तंतूंमध्ये वजनाच्या साठ टक्क्यांवर हायड्रोजन मावतो असा दावा छापून आला होता. जगभर प्रयत्न झाले, कुणालाही तो आकडा पुन्हा मिळाला नाही. मॉफ-५ चंसुद्धा बघा. २००३ मध्ये ७८ केल्विनला ४.५ टक्के म्हणून आला, पुढं त्याच गटानं १ बारला १.३ टक्के अशी दुरुस्ती केली, आणि २००७ मध्ये हवा न लागू देता काळजीपूर्वक बनवलेल्या नमुन्यानं ४० बारला ७ टक्के दाखवले. दमट हवेत मॉफ-५ ची जाळी मोडते, हा सगळा घोळ बराचसा त्यातून आला. आपल्याकडं जुलैत नमुना उघडा ठेवायची सोयच नाही.

---

गोदाकाठ

चर्चा छान चालू आहे, पण मला राहवत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या गाडीची वाट बघणाऱ्यांत आमचं घर होतं. हायड्रोजन पाण्यापासूनच बनवणार ना? राज्याचं हरित हायड्रोजन धोरण २०२३ मध्ये आलं, केंद्राचं १९,७४४ कोटींचं मिशनही त्याच वर्षी. साठवायचं नंतर बघा. मराठवाड्यात पाणी कुठून आणणार?

---

रसायन_जालना

@गोदाकाठ, प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. एक किलो हायड्रोजनला रासायनिक हिशेबानं ९ लिटर पाणी लागतं. शुद्धीकरणात वाया जाणारं आणि थंड करायचं धरून वीस लिटर म्हणू. एक हेक्टर ऊस पाटानं भिजवला तर वर्षाला दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी पितो. तेवढ्यात दहा लाख किलो हायड्रोजन होतो. म्हणजे प्रदेशाच्या हिशेबात पाणी हा अडसर नाही, पण ज्या गावाच्या बोअरवर प्रकल्प बसेल त्या गावाला तो अडसरच आहे. कारखान्यांचं आणि शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरायची अट घालावी, याला माझा पूर्ण पाठिंबा.

मला जास्त चिंता विजेची आहे. एक किलो बनवायला ५५ युनिट लागतात. इंधनघटात (फ्युएल सेलमध्ये) घालून वीज परत काढली तर सोळा-सतरा युनिट हाती येतात. पाच एचपीची मोटर रात्री आठ तास चालवायची तर तीस युनिट हवेत, म्हणजे पावणेदोन-दोन किलो हायड्रोजन, म्हणजे दिवसा शंभर युनिट सौर वीज. त्यापेक्षा मोटरच दिवसा चालवावी, सौर पंप त्यासाठीच आहेत. शेतकऱ्याच्या बांधावर हायड्रोजन विकायला कुणी आलं तर हा हिशेब त्याच्यापुढं ठेवा.

---

गोदाकाठ

पटलं. सांडपाण्याची अट लिहून घेतली पाहिजे, तोंडी नको.

जाता जाता, ते याघी अम्मानमध्ये निर्वासित कुटुंबात वाढले आणि त्यांच्याकडंही पाणी ठरलेल्या दिवशीच यायचं असं वाचलं. हवेतली वाफ ओढून पाणी देणारे मॉफही त्यांनीच केले ना?

---

मृणाल_परभणी

हो काका, त्यांच्याच गटानं. वाळवंटात, वीज न वापरता, नुसत्या उन्हावर चालवून दाखवलं. पाण्याच्या रेणूला हायड्रोजनपेक्षा कितीतरी चांगली पकड मिळते, म्हणून ते साध्या तापमानाला जमतं. पण किलोभर मॉफमागं पाणी लिटरांत मोजावं इतकंच, त्यावर पीक येणार नाही.

---

विहीर_फुलंब्री

आमची विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोटात पोकळ्या लागल्या, त्यात पांढरे-गुलाबीसर चमकते खडे. शिकलेल्या पाहुण्यानं सांगितलं की ते झिओलाइट आहेत, त्यात छिद्रं असतात. मग हायड्रोजनसाठी बाहेरून पावडर कशाला आणायची, इथंच खाणी काढाव्यात की?

---

रसायन_जालना

@विहीर_फुलंब्री, पाहुणे बरोबर बोलले असणार. आपला सगळा भाग दख्खनच्या बेसॉल्टवर बसलाय. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढं त्यांत पाणी झिरपून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट असे झिओलाइट वाढले. जगभरच्या संग्रहालयांत आपल्याकडचे खडे आहेत. एखादा तुकडा तापवला तर आतलं पाणी फसफसून निघतं, छिद्रं खरी आहेत हे त्यावरून कळतं.

पण हायड्रोजनसाठी ते कमी पडतात. त्यांची जाळी सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची, म्हणून जड, आणि वाटा अरुंद. प्रयोगशाळेत मुद्दाम बनवलेले मोठ्या छिद्रांचे झिओलाइटसुद्धा ७७ केल्विनला दोन टक्क्यांच्या आसपासच राहतात. तुमचे खडे फोडू नका, जसेच्या तसे जपून ठेवा.

---

कापूस_सेलू

माझा प्रश्न पऱ्हाटीचा. दरवर्षी उपटून बांधावर ढीग लावतो नाहीतर पेटवतो. पऱ्हाटीपासून सच्छिद्र कोळसा होतो असं ऐकलंय. त्यात हायड्रोजन भरता येईल का? चार पैसे मिळायला पाहिजेत, धूर करण्यात काय अर्थ आहे?

---

मृणाल_परभणी

दादा, कार्बन होतो आणि चांगला होतो. पऱ्हाटी, तुराट्या, उसाचं चिपाड, सगळ्यावर काम झालेलं आहे. आधी हवा न देता कोळसा करायचा, मग तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घोळून नायट्रोजनच्या प्रवाहात ७००-८०० अंशांना तापवायचा. तो क्षार कोळशाला आतून खात जातो आणि भोकं पडतात. ग्रॅमला दोन हजार चौरस मीटर मिळाले तर ७७ केल्विनला साधारण चार टक्के हायड्रोजन बसतो. ढोबळ नियम असा की दर ५०० चौरस मीटरला एक टक्का. खोलीच्या तापमानाला १०० बारला तोच कार्बन एक टक्कासुद्धा घेत नाही.

हे घरी करायचं काम नाही, हात जोडून सांगते. त्या भट्टीत हायड्रोजन सुटतो आणि पोटॅशियम धातूही तयार होऊ शकतो, पाणी लागलं की पेट घेतो. शिवाय नंतर कार्बन धुवायला भरपूर पाणी लागतं, क्षार पूर्ण निघेपर्यंत धुवावा लागतो. आपल्या भागात त्या पाण्याचा आणि त्यातल्या क्षाराचा हिशेब आधी करावा लागेल. वाफेनं भोकं पाडायची पद्धत आहे, तिला हा क्षार लागत नाही, पण क्षेत्रफळ कमी मिळतं.

---

रसायन_जालना

@कापूस_सेलू, मृणालताईंच्या उत्तराला एक जोड देतो. तुमच्या पऱ्हाटीच्या कार्बनला हायड्रोजनपेक्षा मिथेन जास्त मानवतो. मिथेनचा रेणू मोठा, त्याची कार्बनवरची पकड मोलमागं १५ ते २० किलोज्यूल, म्हणजे हायड्रोजनसाठी जी पट्टी सगळे शोधतायत तिच्यात तो आपोआप बसतो. त्यामुळं द्रव नायट्रोजनशिवाय, आपल्या नेहमीच्या तापमानाला, ३५ बारच्या आसपास तो साठवता येतो. सीएनजीला २०० बार लागतात. शेणाचा, मळीचा, साखर कारखान्याच्या प्रेसमडचा गॅस आपल्याकडं आहेच. पऱ्हाटीचा कार्बन आणि गोबरगॅस ही जोडी मला मराठवाड्यासाठी हायड्रोजनच्या आधी करून बघण्यासारखी वाटते. आमच्या पोरांना प्रकल्पासाठी हाच विषय देणार आहे.

---

वाळूज_शिफ्ट

सर, ३५ बार असेल तर साधा दोन टप्प्यांचा कॉम्प्रेसरही कदाचित पुरेल, मी आमच्या मेंटेनन्सवाल्यांना विचारतो. पण गोबरगॅस सरळ पावडरीत सोडला तर चालेल का?

---

रसायन_जालना

नाही. त्यात तीस-चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, तो मिथेनपेक्षा घट्ट चिकटतो आणि जागा अडवतो. ओलावा आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइडही तसाच. आधी लोखंडाच्या गंजलेल्या किसावरून नेऊन सल्फाइड काढायचा, मग दाबाखाली पाण्यानं धुऊन कार्बन डायऑक्साइड, शेवटी सिलिका जेलवर वाळवायचा. किस तुमच्या वाळूजच्या कुठल्याही टर्निंग शॉपमध्ये पोत्यानं मिळेल. मात्र तेलकट घेऊ नका, तेलाची वाफ पहिल्या फेरीतच कार्बनची छिद्रं बुजवते.